सरकती खिडकी

गिरगावातल्या खोताच्या वाडीत आंटींच्या माळ्यावर जुन्या कालनिर्णयांची सुतळीने बांधलेली चवड आहे. प्रत्येक चौकोनात दुधाचे लिटर, सिलिंडर आल्याची खूण, कामवालीचे खाडे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याखेरीज कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका. ठिपका म्हणजे त्या दिवशी जोराचा पाऊस झाला. ठिपक्याभोवती गोल असेल तर गल्लीत पाणी साचले. आधी त्यांचे वडील करायचे, ते गेल्यावर आंटी करतात. कशासाठी, असे विचारले तर म्हणाल्या, "पप्पांनी चालू केलं. बंद कोण करणार?"

मी विमा कंपनीत जन्मभर आकडे जुळवले. निवृत्त माणसाच्या हाती अशी चवड लागणे बरे नव्हे.

*

दोन रांगा मांडल्या. दर पावसाळ्याचे ठिपके एका रांगेत, गोल दुसऱ्या रांगेत. एक वाढली की दुसरी वाढते का, आणि किती इमानाने, हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक. अधिक एक म्हणजे दोघी हातात हात घालून चालतात. उणे एक म्हणजे एक वर गेली की दुसरी हमखास खाली. शून्य म्हणजे ओळख ना पाळख.

सगळ्या वर्षांचा मिळून आकडा काढला तर तो मध्यम आला. वही मिटून चहा प्यायलो. मग वर्षे तुकड्या-तुकड्यांनी पाहिली. सुरुवातीच्या दशकात ठिपका पडला की गोल ठरलेलाच. मधल्या काळात गोल पडतो तो बहुतेक मोठ्या भरतीच्या दिवशी. गेल्या तीन वर्षांत गोलच नाहीत.

म्हणजे 'मध्यम' संबंध कोणत्याही काळात नव्हता. तो फक्त माझ्या वहीत होता.

*

गोल कुठे गेले? समासात तीन कारणे लिहिली आहेत. गटारे सुधारली. मेट्रो तीनच्या कामात जमिनीखालचे काही इकडचे तिकडे झाले. पाऊसच आता वेगळ्या तऱ्हेने पडतो. तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह.

*

अशा तारीखवार आकड्यांच्या रांगेला पुस्तकात कालमालिका म्हणतात. घरात 'मालिका' म्हटले की सगळे टीव्हीकडे बघतात. फार फरक नाही. तिथेही शंभर भागांनंतर कोण कोणाचा कोण, हे नव्याने विचारावे लागते.

*

वाडीबद्दल थोडे, नाहीतर टिपणे हवेत राहतील. दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू. जमीन त्यांची. तिच्यावर घरे बांधणारी बहुतेक कुटुंबे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. लाकडी जिने घराबाहेरून चढतात, पुढे व्हरांडा, वर कौले. एके काळी पासष्टेक घरे होती म्हणतात, आता तीससुद्धा नाहीत. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळले की दहा पावलांत आवाज बदलतो.

'ईस्ट इंडियन' हे नाव या लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, रीतसर घेतले. कोकणातून, गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले, कंपनीच्या अमलातले जुने, हे दाखवायला. त्याच कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली. १८४१ पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी आहेत. आंटींचे पप्पा आणि कुलाब्याची वेधशाळा यांचे अन्नदाते एक नसतील, पण खोड एकच.

*

वाडीत पडणारा पाऊस आणि वाडीत प्यायचे पाणी, या दोन मालिका घ्या.

१८६० पूर्वी त्यांचे नाते मायलेकींचे. गिरगावातल्या वाड्यांना विहिरींचे पाणी. इथे पडले तर इथे चढले. १८६० ला विहार तलावाचे पाणी आले, तेही तसे शेजारच्याच पावसाचे. १८९२ ला तानसा, शंभरेक किलोमीटरवर. १९५७ ला मोडक सागर, १९७३ ला अप्पर वैतरणा, त्यानंतर भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. दर खेपेला नळाचे तोंड वाडीतच राहिले आणि त्याचे आभाळ मात्र लांब लांब सरकत गेले.

मधल्या काळात विहिरीही गेल्या. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. डास विहिरींत वाढतात, तेव्हा विहिरी झाका नाहीतर बुजवा, अशी मोहीम निघाली. धार्मिक कामाला विहिरीचेच पाणी लागणाऱ्यांनी विरोध केला, तरी बऱ्याच बंद झाल्या. आंटींच्या मागच्या अंगणात फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा वेगळा आहे. खाली विहीर आहे म्हणतात.

हे उदाहरण मला आवडते, कारण इथे संबंध सैल होण्याचे कारण दिसते, त्याला वर्षे आहेत आणि त्याचा व्यास इंचांत मोजता येतो. बहुतेक ठिकाणी असे भाग्य नसते. संबंध सैल झाला एवढेच कळते, पाइप सापडत नाही.

*

५ ऑगस्ट २०२०. तलाव जेमतेम एक तृतीयांश भरलेले, म्हणून महापालिकेने त्या दिवसापासून २० टक्के पाणीकपात जाहीर केली होती. त्याच दिवशी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा आणि चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. गिरगाव, बाबुलनाथ, मरीन ड्राइव्ह पाण्यात. सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास. नळ कोरडा आणि जिन्याच्या तीन पायऱ्या पाण्याखाली.

आंटींच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात दोन गोल आहेत, एकात एक.

*

कुलाबा आणि सांताक्रूझ. एकाच शहरातल्या दोन वेधशाळा. हंगामाची बेरीज बरीचशी जोडीने चालते, सांताक्रूझची सरासरी थोडी जास्त. रोजच्या आकड्यांचे मात्र तसे नाही.

२६ जुलै २००५ चे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, म्हणजे एकच आकडा पाठ आहे: सांताक्रूझ, ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३. मी त्या संध्याकाळी छत्री घेऊन ठाकूरद्वारला भाजी आणायला गेलो होतो आणि कालिन्याचा भाऊ फोन का उचलत नाही म्हणून वैतागलो होतो. तो गळ्याएवढ्या पाण्यात होता.

कुलाब्याचा स्वतःचा असा दिवस ५ जुलै १९७४ चा. ५७५.६ मिलिमीटर.

तारखेचीही एक गंमत. हवामान खाते पाऊस सकाळी साडेआठला मोजते आणि आधीच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या नावावर जातो. म्हणून सरकारी वहीत २६ जुलैचा पाऊस २७ तारखेला सापडतो. आंटींच्या कॅलेंडरवर मात्र २६ लाच ठिपका. त्यांचा दिवस झोपताना संपतो. दोन्ही मालिका तशाच शेजारी ठेवल्या तर संबंध निम्माही दिसत नाही. एक दिवस सरकवून ठेवल्या की जुळतात. मला हे कळायला दोन आठवडे लागले, आणि आकडे जुळवण्याचा पगार मी तीस वर्षे घेतला होता.

*

सरकत्या खिडकीची रीत. सगळी वर्षे एकदम न घेता पहिली एकवीस घ्यायची, संबंध काढायचा. मग खिडकी एक वर्ष पुढे सरकवायची: मागचे एक वर्ष बाहेर, पुढचे एक आत. पुन्हा आकडा. असे शेवटपर्यंत. एका आकड्याच्या जागी आकड्यांची एक रेघ मिळते, आणि संबंध कधी घट्ट होता, कधी विटला, हे रेघेवर दिसते.

खिडकी लहान घेतली तर रेघ उगाच थरथरते. मोठी घेतली तर सगळे गुळगुळीत, आणि बदल झाल्याचे कळेपर्यंत बदल जुना होतो. योग्य माप कोणते? चष्म्याच्या दुकानात 'आता बरं की आधी बरं' विचारतात, त्यापेक्षा जास्त शास्त्र मला त्यात आढळलेले नाही.

*

खिडकीची एक खोड लक्षात ठेवायची. २६ जुलैसारखा एखादा राक्षसी दिवस खिडकीत शिरला की संबंध दाणकन बदलतो. तो दिवस आत आहे तोवर रेघ त्याच्याच तालावर. आणि पुढे कधीतरी तो मागच्या बाजूने बाहेर पडला की रेघ पुन्हा उडी मारते. त्या उडीच्या दिवशी आकाशात काहीही झालेले नसते. जुना पाहुणा निघून गेला, एवढेच. पण आलेख पाहणारा विचारतो, "इथे नेमके काय घडले?" आणि कोणी ना कोणी उत्तर देतेच.

*

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. सिमल्याचा तिथे काय संबंध, असे विचारणारे पुणेकर मला अनेक भेटले, उत्तर देणारे थोडे. हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आले. ते पुढे दिल्लीला गेले, नाव मागे राहिले.

सिमल्याच्या दिवसांत या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, १९०४ ते १९२४. केंब्रिजचा गणिती, हवामानाचा गंध नाही. आधीच्या एका साहेबांनी, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी, हिमालयातल्या बर्फावरून मान्सून सांगायला सुरुवात केली होती: बर्फ जास्त तर पाऊस कमी. वॉकरने कारकुनांची फौज बसवून जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशसचा दाब, झांझिबारचा पाऊस. त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांना दाबाचा झोपाळा आहे हे त्याला दिसले. आज अल निनो म्हणताना आपण ज्याच्याबद्दल बोलतो त्याचा अर्धा भाग हाच, दुसरा अर्धा समुद्र तापण्याचा.

वॉकरला स्वतःच्याच कारखान्याचा धोका माहीत होता. १९१४ मध्ये त्याने लिहून ठेवले की खूप जोड्या तपासल्या की एखादी निव्वळ योगायोगाने जुळलेली निघणारच, म्हणून कसोटी कडक हवी. लग्न जमवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. शंभर पत्रिका उघडल्या की एखादीशी छत्तीसपैकी तीस गुण जुळतात. पसंती कळवण्याआधी किती पत्रिका उघडल्या ते सांगा.

इतकी काळजी घेऊनही त्याची बरीच सूत्रे पुढच्या दशकांत ढिली पडली. बर्फाचेही तसेच झाले. झांझिबारच्या पावसाचे नाव आता कोणी काढत नाही. झोपाळा राहिला.

*

वसंत गोवारीकरांचे सोळा घटकांचे सूत्र. आमच्या पिढीला हे वर्तमानपत्रातून पाठ होते. १९८८ पासून हवामान खाते त्यावर देशाच्या पावसाचा अंदाज द्यायचे आणि पुढची वर्षे मान्सून 'सामान्य' ठरत गेला. सूत्राचा पाया हाच: सोळा गोष्टींचा मान्सूनशी जुना, तपासलेला संबंध. काही घटकांचा संबंध विटला म्हणून २००० साली ते बदललेही. मग २००२ आले. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१. जुलैत तर सरासरीच्या निम्मा. २००३ पासून खात्याने नवी सूत्रे घेतली.

त्या वर्षी लोक गोवारीकरांवर विनोद करायचे. मला ते पटले नाही. सोळा नोकर कामाला ठेवले, त्यातल्या चौघांनी न सांगता काम सोडले, तर मुकादमाला ते कळणार कधी? महिनाअखेरीला. हवामानात महिनाअखेर वर्षातून एकदाच येते.

*

१९९७. शतकातल्या सर्वांत जोरदार अल निनोंपैकी एक. १९७२ चा दुष्काळ डोळ्यांसमोर होता, तोही अल निनोचा. १९८७ चाही. १९९७ ला मात्र देशाचा पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे के. कृष्णकुमार, आणि बालाजी राजगोपालन व मार्क केन यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहिला. शतकाहून मोठी मालिका, एकवीस वर्षांची सरकती खिडकी. अल निनो आणि भारतीय मान्सून यांचा उलटा संबंध दशकानुदशके घट्ट होता, तो १९८० नंतर सैलावत चालला आहे. कारणे दोन सुचवली: प्रशांत महासागरावरचे हवेचे चक्र सरकले असावे, आणि युरोप-आशियाची जमीन हिवाळ्यात-वसंतात जास्त तापू लागली असावी.

मग काय झाले? २००२ ला अल निनो आणि ८१ टक्के. २००९ ला अल निनो आणि ७८. २०१५ ला ८६. ज्या नात्याची काडीमोड छापून आली होती ते जोडपे पुन्हा एकत्र फिरताना दिसू लागले. त्याच मंडळींपैकी काहींनी २००६ मध्ये पुढचे सांगितले: समुद्र कुठे तापतो ते बघा. मध्य प्रशांतात तापला तर भारताला जास्त झळ, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला तापला तर कमी. म्हणजे 'अल निनो' या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो. बदललेला संबंध कधी कधी फक्त एवढेच सांगतो की आडनाव एक, घरे दोन.

*

नाताळात वाडीत हाउजी असते. तिची नव्वद अंकांची पिशवी मी आंटींकडून मागून आणली. दर खेपेला दोन अंक काढायचे, लिहायचे, परत टाकायचे. पहिला अंक 'अल निनो', दुसरा 'पाऊस'. अशी शंभर वर्षे. लाकडी सोंगट्यांचे एकमेकींशी काय नाते असणार? पुतण्याने एक्सेलमध्ये एकवीस-एकवीसची खिडकी सरकवून दिली.

रेघ लाटेसारखी आली. इथे चढ, तिथे उतार, मध्ये बारा-पंधरा वर्षे चांगला उलटा संबंध. कोणाला दाखवले असते तर त्याने त्या काळात हाउजीच्या पिशवीत काय बदलले याचा शोध घेतला असता.

हिशेब साधा आहे. एकवीस जोड्यांत काहीही नाते नसताना गुणांक अधिक-उणे ०.४३ पर्यंत सहज जातो, वीसपैकी एकोणीस वेळा त्याच्या आत. शिवाय शेजारच्या दोन खिडक्यांत वीस वर्षे सामाईक, म्हणून रेघ झेपा न घेता सावकाश वळते, आणि सावकाश वळणाऱ्या गोष्टीवर माणसाचा विश्वास लगेच बसतो. २००१ मध्ये गेर्शुनोव्ह, श्नायडर आणि बार्नेट यांनी मान्सून-अल निनोच्या बाबतीत हाच प्रश्न रीतसर विचारला. संबंध पक्का एकच ठेवून कृत्रिम मालिका बनवल्या तरी सरकत्या खिडकीत त्या तेवढ्याच, किंबहुना जास्त, हेलकावतात. तेव्हा खरा बदल की नुसता गोंगाट?

वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर पाइप दाखवा. विहार, तानसा, भातसा असे नाव-गाव-साल असलेले कारण हाती नसेल तर रेघेचा उतार पाहून मी माझ्या पैशाची तरी पैज लावणार नाही.

*

इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात अँग्लिकन चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५. उडनी यूल यांनी १९२६ मध्ये ही गंमत मांडली. दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी घसरत होत्या, बस्स. आंटींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग रजिस्टर लग्नं करा आणि जास्त जगा." म्हणाल्या, तेही हळू आवाजात नाही.

पुढे यूल आणि वॉकर यांची नावे जोडीने एका समीकरणाला चिकटली. मालिका स्वतःच्याच कालच्या आकड्याशी किती बांधलेली आहे, हे त्यातून काढतात. सिमल्याचा साहेब पाठ्यपुस्तकात उरला तो असा.

*

नाताळ २५ डिसेंबरला, जागचा हलत नाही. गणपती हलतात. २०२० ला २२ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. केशवजी नाईक चाळीपासून वाडीच्या तोंडापर्यंत सगळे म्हणतात, 'हल्ली गणपतीत पाऊस फार'. आधी तारीख बघा. अधिक महिना आला की गणपती पुढे जातात, पाऊस तिथेच असतो.

*

१९०४ साली कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यांच्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे कुलाब्याच्या आकड्यातून अलिबागच्या आकड्यात शिरताना किती फरक धरायचा ते कळावे. त्या दोन वर्षांच्या दुहेरी कंटाळ्यामुळे आज ती मालिका सलग वापरता येते. मोजणारा बदलतो तेव्हा थोडा काळ दोघांनी मोजावे, हे ज्याला सुचले त्याला माझा नमस्कार.

*

काल कॅलेंडरे परत द्यायला गेलो. म्हटले, आंटी, तीन वर्षांत गल्लीत एकदाही पाणी नाही, हे काय गौडबंगाल आहे? गटारे का मेट्रो?

आंटी खिडकीपाशी बसल्या होत्या. बाहेर शेजारच्या बांधकामाची हिरवी जाळी, खिडकीच्या चौकटीला घासून लावलेली. "गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी खाली उतरते कुठे?" त्या म्हणाल्या. "पाऊस पत्र्यावर ऐकू येतो, तो लिहिते. पाणी दिसलं तर लिहीन ना."

खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यंदाच्या गाळाची रेघ होती.

घरी येऊन त्या तीन वर्षांचे शून्य खोडले. तिथे आता आडवी रेघ आहे. आंटी म्हणाल्या, येत्या जूनपासून पाऊस मी लिहिते, खालचं तू लिही. कालनिर्णयाच्या दोन प्रती घ्यायच्या आहेत.